दुखरा आणि आखडलेला सांधा : कायरोप्रॅक्टर तो कसा शोधतात आणि कसा मोकळा करतात

"नेमके कुठे दुखते?" असे विचारले की बहुतेक रुग्ण कमरेवरून किंवा मानेवरून अख्खा तळहात फिरवतात आणि "इथे, या सगळ्या भागात" असे सांगतात. तपासणाऱ्याला त्या तळहाताएवढ्या भागातून बोटाच्या पेराएवढी जागा शोधायची असते. ती कशी शोधली जाते, सापडली हे कशावरून ठरते आणि त्यानंतर हातांनी नेमके काय केले जाते, याची पायरीपायरीने माहिती पुढे दिली आहे. ती या विषयाचे शिक्षण घेणाऱ्यांना उपयोगी पडेल आणि टेबलावर पालथे पडून 'हे आता काय करणार' अशा विवंचनेत असलेल्या रुग्णालाही. मात्र हे वाचून घरातल्या कोणाच्या मानेला झटका देण्याचा प्रयोग कोणीही करू नये. ते कौशल्य काही वर्षांच्या देखरेखीखालच्या सरावानेच हाती येते.

कायरोप्रॅक्टर, म्हणजे मणके व सांध्यांवर हातांनी उपचार करणारे व्यावसायिक, ज्या सांध्यावर काम करतात त्याच्या दोन खुणा एकत्र मिळाव्या लागतात. तो सांधा दाबल्यावर दुखला पाहिजे, आणि स्वतःच्या वाट्याची हालचाल करताना तो अडला पाहिजे. नुसता दुखरा सांधा सुजलेला, संसर्ग झालेला किंवा हाड मोडलेलाही असू शकतो, तर नुसता आखडलेला सांधा वयोमानाने आखडलेला आणि पूर्णपणे निरुपद्रवी असू शकतो. दोन्ही खुणा एकाच पातळीवर, एकाच बाजूला सापडल्या आणि रुग्णाच्या तक्रारीशी त्यांचा मेळ बसला, तरच तिथे हात चालवण्याला अर्थ आहे.

'सरकलेला मणका' हा शब्द आधी बाजूला ठेवावा

डॅनिअल डेव्हिड पामर यांनी 1895 साली अमेरिकेतील डॅव्हनपोर्ट येथे हार्वी लिलार्ड नावाच्या, ऐकू कमी येणाऱ्या माणसाच्या पाठीतील एका मणक्यावर झटका दिला आणि त्याचे ऐकणे सुधारले असा दावा केला. कायरोप्रॅक्टिकचा उगम या प्रसंगापासून मानला जातो. मणका जागचा सरकतो, त्यामुळे नस दाबली जाते आणि तिथून रोग उद्भवतात, ही पामर यांची मांडणी पुढे बरीच वर्षे टिकली, आणि 'तुमचा मणका सरकला होता, बसवून दिला' हे वाक्य आजही ऐकू येते. ते चित्र समजायला सोपे असले तरी खरे नाही. त्रिकास्थी (कण्याच्या तळाचे तिकोनी हाड) आणि कमरेचे हाड यांच्यामधल्या सांध्याची झटक्यापूर्वी व झटक्यानंतर सूक्ष्म क्ष-किरण मोजणी केली असता हाडांच्या जागेत फरक आढळला नव्हता. रुग्णाला बरे मात्र वाटू शकते; म्हणजे बरे वाटण्याचे कारण हाड 'बसण्यात' नसून दुसरीकडे आहे.

बहुतेक लगतच्या दोन मणक्यांमध्ये पुढच्या बाजूला एक चकती आणि मागच्या बाजूला डावा-उजवा असे दोन छोटे सांधे असतात, त्यांना फॅसेट सांधे म्हणतात. या सांध्याभोवतीच्या संधिकोशात, म्हणजे सांध्याला वेढणाऱ्या आवरणात, सूज आली, भोवतालच्या बारीक स्नायूंनी तो भाग जखडून धरला, किंवा बराच काळ हालचाल न झाल्याने कोश आक्रसला, तर सांधा आखडतो. मान अवघडते, कमरेत उसण भरते, ती बहुधा अशीच. झटक्याने किंवा हळुवार हालचालीने स्नायूंची ती पकड काही काळ सैल होते, मेंदूकडे जाणारे वेदनेचे संदेश मंदावतात आणि रुग्णाला हालचाल करण्याचा धीर येतो. यातले प्रत्येक कारण कितपत वाटा उचलते यावर अजून मतभेद आहेत. परंतु 'अडलेला सांधा हलता करणे' ही कल्पना 'सरकलेला मणका बसवणे' या कल्पनेपेक्षा वस्तुस्थितीच्या कितीतरी जवळची आहे.

पहिली पायरी : हात लावण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

या पायरीत घाई करणारा कायरोप्रॅक्टर कितीही कुशल असला तरी त्याच्या टेबलावर झोपू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वेदना कशी सुरू झाली, कोणत्या हालचालीने वाढते, कोणत्या स्थितीत कमी होते, हे प्रश्न तर आलेच. पण त्याहून महत्त्वाचे प्रश्न असतात ते 'येथे हात लावूच नये' हे सांगणारे.

पडल्या-आपटल्यानंतर सुरू झालेली वेदना, पूर्वी झालेला कर्करोग, कारण नसताना घटलेले वजन, ताप, पडून राहिल्यावरही न थांबणारी रात्रीची वेदना, हाडांचा ठिसूळपणा, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉईडे आणि रक्त पातळ करणारी औषधे, यांची चौकशी झालीच पाहिजे. दोन्ही पायांत वाढत जाणारी अशक्तता, जननेंद्रिय व बैठकीच्या भागात आलेला बधिरपणा, लघवी तुंबणे किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, ही लक्षणे पाठीच्या कण्याच्या शेवटी असलेल्या मज्जातंतूंच्या जुडग्यावर दाब आल्याची असू शकतात, आणि अशा रुग्णाला त्याच क्षणी रुग्णालयात पाठवावे लागते. संधिवाताभ (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) असलेल्या रुग्णांत मानेतले सर्वांत वरचे दोन मणके एकमेकांवर सैल झालेले असू शकतात. त्यांच्या मानेवर झटका वर्ज्य समजावा.

मानेच्या बाबतीत आणखी एक धोका लक्षात ठेवावा लागतो. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या धमनीचा आतला पदर फाटला, तर त्याचे पहिले लक्षण अनेकदा साधी मानदुखी किंवा डोकेदुखी हेच असते, आणि त्यासाठीच रुग्ण कायरोप्रॅक्टरकडे येतो. 'अशी वेदना आयुष्यात कधी झाली नव्हती' असे तो सांगत असेल, सोबत चक्कर, दुहेरी दिसणे, बोलण्यात अडखळणे, गिळताना त्रास, चेहऱ्याला बधिरपणा, तोल जाणे किंवा एका डोळ्याची पापणी लोंबणे यांपैकी काही असेल, तर मान वळवून पाहण्याचाही मोह टाळून त्याला तातडीच्या विभागात पाठवावे. मानेच्या झटक्यानंतर पक्षाघात होण्याचे प्रमाण फार कमी आहे, पण परिणाम इतका गंभीर आहे की ही शक्यता रुग्णाला आधी सांगून त्याची संमती घेणे बंधनकारकच मानायला हवे.

दुसरी पायरी : उभे करून पाहणे

रुग्णाला उभे करून मागून पाहताना खांद्यांची उंची, कमरेच्या घड्या आणि डोक्याचा कल दिसतो. यात फार वेळ घालवू नये. बहुतेक निरोगी माणसेही थोडीफार वाकडीच असतात, आणि एक खांदा दोन सेंटीमीटर खाली असण्यावरून वेदनेचे कारण सांगता येत नाही.

हालचाल पाहणे मात्र फार उपयोगाचे असते. पुढे वाकणे, मागे वाकणे, दोन्ही बाजूंना झुकणे आणि वळणे या क्रमाने रुग्णाला हळूहळू हालचाल करायला लावावी आणि कोणत्या टप्प्यावर तो थांबतो, कुठे तोंड वाकडे करतो, वेदना कुठे उमटते हे टिपून ठेवावे. मागे वाकून त्याच बाजूला झुकल्यावर कमरेत एका बाजूला, मणक्याच्या शेजारी बोचल्यासारखे दुखले तर फॅसेट सांध्याचा संशय येतो. पुढे वाकल्यावर वेदना गुडघ्याखाली उतरत असेल तर चकती आणि नस यांचा विचार आधी करावा, आणि पायातली ताकद, संवेदना व गुडघ्याचा-घोट्याचा प्रतिक्षेप (हातोडीच्या ठोक्यासरशी आपोआप होणारी हालचाल) तपासून मगच पुढे जावे. रुग्णाच्या सर्वांत त्रासदायक हालचालीची नोंद विशेष जपून करावी, कारण उपचारानंतर त्याच हालचालीकडे परत यायचे आहे.

तिसरी पायरी : पातळी ठरवणे आणि दुखरी जागा शोधणे

मणके मोजण्यासाठी शरीरावर काही ठरलेल्या खुणा आहेत. मान पुढे झुकवल्यावर तळाशी जो उंचवटा ठळक दिसतो तो बहुधा मानेचा 7 वा मणका असतो; क्वचित तो पाठीचा 1 ला निघतो. मान मागे नेली की बोटाखालून पुढे सरकून गेल्यासारखा वाटणारा उंचवटा 6 वा, आणि जागेवर राहणारा 7 वा, अशी त्याची पडताळणी करतात. हात बाजूला सोडून उभे राहिल्यावर खवाट्याचे खालचे टोक साधारण पाठीच्या 7 व्या मणक्याच्या आसपास येते, तर कमरेच्या दोन्ही हाडांच्या वरच्या कडा जोडणारी रेषा कमरेच्या 4 थ्या मणक्याजवळून जाते. या सर्व खुणा व्यक्तीगणिक एखाद्या मणक्याने वर-खाली असू शकतात. म्हणूनच 'तुमचा एल-4 (कमरेचा 4 था मणका) अडला आहे' असे छातीठोकपणे सांगणाऱ्यापेक्षा 'या भागातला, उजव्या बाजूचा सांधा' असे सांगणारा मला अधिक प्रामाणिक वाटतो.

आता रुग्णाला पालथे झोपवतात. चेहरा टेबलाच्या खाचेत, हात दोन्ही बाजूंना सैल. आधी तळहाताने हलकेच फिरून त्वचेचा ओलावा, उष्णता आणि स्नायूंचा ताण पाहतात. आखडलेल्या सांध्याजवळचे स्नायू अनेकदा दोरीसारखे ताठ लागतात. त्यानंतर मणक्याच्या मागच्या टोकांवरून, आणि तिथून बोटभर बाजूला असलेल्या फॅसेट सांध्यांवरून, अंगठ्याच्या किंवा मधल्या बोटाच्या पेराने एकेक करून दाब दिला जातो. पेर उभे रोवायचे नसते. सपाट ठेवून हळूहळू खोल जायचे असते. दाब प्रत्येक ठिकाणी सारखाच राहिला पाहिजे, नाहीतर दुखणे सांध्याचे की बोटाचे हेच कळत नाही. अंगठ्याच्या नखाचा रंग पांढुरका पडेपर्यंतचा दाब सुमारे 4 किलो मानला जातो, आणि सरावासाठी तो मापदंड चांगला आहे.

प्रत्येक ठिकाणी रुग्णाला दोन प्रश्न विचारावेत. एक, येथे दुखते का, आणि शून्य ते दहापैकी किती? दुसरा, आणि हाच मोलाचा : ही तुमची नेहमीचीच वेदना आहे का? कोणाच्याही पाठीवर जोराने दाबले तर कुठे ना कुठे दुखतेच. दाबल्यावर रुग्ण 'हेच ते' म्हणाला तरच ती जागा कागदावर लिहावी. दुखऱ्या जागेवर एका तपासणाऱ्याचे निष्कर्ष दुसऱ्याशी जितके जुळतात, तितके हालचालीच्या अडथळ्यावर जुळत नाहीत, हे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. हालचाल तपासणे हे कायरोप्रॅक्टरचे अभिमानाचे कौशल्य असले तरी तपासणीत अधिक भरवशाची साक्ष रुग्णाची असते, हे मान्य करायला अनेकांना जड जाते.

चौथी पायरी : सांधा कुठे आणि कोणत्या दिशेने अडतो

बेल्जियममधील कायरोप्रॅक्टर हेन्री जिले यांनी विसाव्या शतकात हालचाल-स्पर्शाची पद्धत विकसित केली. तिचा गाभा असा : एक हात शरीराचा भाग हलवतो आणि दुसऱ्या हाताचे बोट दोन मणक्यांच्या मधे राहून त्यांच्यातले अंतर उघडते का, मिटते का, हे जाणवून घेते. सांधा रुग्णाच्या स्वतःच्या हालचालीच्या शेवटापर्यंत नेला की त्यापुढेही तपासणाऱ्याच्या हाताने थोडी 'उशी' मिळते. निरोगी सांध्यात ही उशी ताणलेल्या चामड्यासारखी लवचिक लागते. आखडलेल्या सांध्यात ती लवकर येते आणि कडक लागते. स्नायूच्या अचानक आखडण्याने थांबलेली हालचाल धक्का बसल्यासारखी थांबते. आणि हाडावर हाड आपटल्यासारखा टणक शेवट लागला तर तो सांधा झटक्याने मोकळा होणारा नव्हे, हे समजून घ्यावे.

कोणत्या भागात कोणती हालचाल तपासायची हे फॅसेट सांध्यांच्या रचनेवरून ठरते. मानेच्या मधल्या भागात या सांध्यांचे पृष्ठभाग सुमारे 45 अंशांनी कललेले असतात, त्यामुळे तिथे वळणे आणि बाजूला झुकणे एकत्रच होते. म्हणून डोके दोन्ही हातांत धरून एकेका मणक्याला बाजूला सरकवून पाहतात. कमरेत ते पृष्ठभाग बहुतांशी उभे आणि पुढून-मागे जाणारे असतात, म्हणून तिथे पुढे-मागे वाकणे भरपूर मिळते, पण वळण प्रत्येक पातळीला जेमतेम एक-दोन अंश. कमरेच्या एकेका मणक्याचे वळण बोटाने मोजले असे कोणी म्हणत असेल तर त्याकडे साशंकतेने पाहावे.

मानेच्या अगदी वरच्या टोकासाठी एक सोपी आणि बरीच विश्वासार्ह चाचणी आहे. मानेच्या एकूण वळणापैकी जवळपास निम्मे वळण पहिल्या दोन मणक्यांमध्ये होते. रुग्णाला उताणे झोपवून त्याची मान पूर्ण पुढे वाकवली की खालचे मणके जखडले जातात, आणि मग डोके डावी-उजवीकडे वळवल्यास प्रत्येक बाजूला साधारण 44 अंश वळण मिळते. एका बाजूला ते सुमारे 32 अंशांच्या खाली आले, आणि तिथेच रुग्णाची नेहमीची डोकेदुखी उमटली, तर मानेतून येणाऱ्या डोकेदुखीचा तो चांगला पुरावा ठरतो.

त्रिकास्थीच्या सांध्याचे मात्र वेगळे आहे. तो हलतोच मुळी फार थोडा, त्यामुळे बोटांखाली त्याची हालचाल पाहण्यापेक्षा त्याच्यावर वेगवेगळ्या दिशांनी ताण देणाऱ्या चार-पाच चाचण्या कराव्यात आणि त्यांतल्या किमान तीन चाचण्यांत नेहमीची वेदना उमटली तरच त्या सांध्यावर बोट ठेवावे.

पाचवी पायरी : पद्धत निवडणे

दुखरी जागा आणि अडलेली दिशा जुळली, त्या भागातल्या ऊतींचा ताणही तेच सांगत असला, की उपचाराचा निर्णय घेतात. झटका हा त्यातला एक पर्याय आहे, एकमेव नव्हे. हळुवार लयबद्ध हालचाल, ज्यात सांधा पुन्हा पुन्हा हालचालीच्या शेवटापर्यंत नेऊन मागे आणला जातो, ती वृद्धांना, घाबरलेल्यांना आणि फार दुखणाऱ्यांना अधिक सोसते. टेबलाचा एक भाग थोडा उचलून दाबासरशी खाली पडू देण्याची पद्धत, ॲक्टिव्हेटर नावाचे स्प्रिंगचे छोटे उपकरण, किंवा चकतीच्या त्रासात टेबल वाकवत कंबर ताणण्याची पद्धत, हेही पर्याय आहेत. रुग्ण 'मला आवाज नको' म्हणत असेल तर त्याचा मान राखून यांतले काही निवडावे. त्याने उपचार दुय्यम होत नाही.

सहावी पायरी : झटका

कमरेच्या उजव्या बाजूचा सांधा आखडला आहे असे समजू. रुग्णाला डाव्या कुशीवर झोपवतात, म्हणजे दुखरी बाजू वर येते. खालचा पाय सरळ, वरचा पाय गुडघ्यात वाकवून त्याचे पाऊल खालच्या गुडघ्याच्या मागच्या खळगीत, दोन्ही हात छातीवर. कायरोप्रॅक्टर एका हाताने रुग्णाचा वरचा खांदा स्थिर धरतात आणि दुसऱ्या हाताच्या करंगळीच्या बाजूचा, मनगटाजवळचा टणक उंचवटा अडलेल्या मणक्याच्या शेजारी टेकवतात. मग रुग्णाचे शरीर स्वतःकडे किंचित वळवून त्वचा, स्नायू आणि सांधा यांतली सारी ढील काढून घेतात. खरे कौशल्य येथेच असते. ढील पूर्ण निघाली नसेल तर सारा जोर स्नायूंत मुरतो, आणि ती जास्त ओढली गेली तर रुग्ण कळवळून अंग आखडून घेतो.

ढील निघाली की रुग्णाला श्वास सोडायला सांगतात आणि श्वास संपत आला असता, अंग सैल असताना, अतिशय वेगवान पण अगदी थोड्या अंतराचा झटका देतात. हा झटका साधारण सेकंदाच्या दहाव्या ते सहाव्या हिश्श्यात पूर्ण होतो, म्हणजे रुग्णाने ठरवून स्नायू आवळण्याआधीच. यंत्रांनी केलेल्या मोजणीत मानेवरच्या झटक्याचा जोर सुमारे 100 न्यूटन, तर पाठीच्या मधल्या भागावरचा सुमारे 400 न्यूटन आढळला होता. एका किलोचे वजन सुमारे 10 न्यूटन धरले तर हा फरक ध्यानात येतो. अंतर मात्र वाढता कामा नये. जोर कमी पडला तर दुसरा प्रयत्न करता येतो, पण अंतर जास्त झाले तर इजा होते.

पाठीच्या मधल्या भागासाठी रुग्णाला पालथेच ठेवून दोन्ही हातांचे तळवे मणक्याच्या दोन्ही बाजूंना टेकवतात आणि श्वास सोडताना खाली टेबलाकडे व किंचित डोक्याच्या दिशेने झटका देतात. मानेसाठी डोके पूर्ण वळवून आणि मागे नेऊन झटका देण्याची जुनी सवय सोडून, मान मध्याजवळ ठेवून बाजूच्या दिशेने थोडा झटका देणे अधिक सुरक्षित समजले जाते.

'कट्' आवाजाविषयी

बोटे मोडताना येतो तसा आवाज झटक्यासरशी येतो आणि रुग्णाला वाटते की काम झाले. हा आवाज हाडाचा नसून संधिद्रवात विरघळलेल्या वायूचा आहे. बुडबुडा फुटल्याने तो येतो असे 1971 पासून मानले जात होते. 2015 साली एमआरआयच्या चालत्या चित्रणात मात्र आवाज येण्याच्या क्षणी बुडबुडा फुटताना नव्हे, तर पोकळी तयार होताना दिसली. यावर वाद अजून मिटलेला नाही. एकदा मोडलेले बोट सुमारे 20 मिनिटे पुन्हा वाजत नाही, त्याचे कारणही हा वायूच.

उपचाराच्या दृष्टीने दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. आवाज आला म्हणून फायदा जास्त होतो असे दिसत नाही. शिवाय, आवाज कुठून आला हे मोजले असता तो नेम धरलेल्या सांध्याऐवजी कित्येकदा वरच्या-खालच्या सांध्यांतून, आणि एकाच झटक्यात अनेक सांध्यांतून आल्याचे आढळले आहे. आवाज आला नाही म्हणून तीच जागा पाच-सहा वेळा वाजवत बसणे हा अनुभवाचा नव्हे, हट्टाचा भाग आहे.

सातवी पायरी : फेरतपासणी आणि पुढचे दिवस

झटक्यानंतर लगेच रुग्णाला उभे करून सुरुवातीची त्रासदायक हालचाल पुन्हा करायला लावावी आणि तीच दुखरी जागा त्याच दाबाने पुन्हा तपासावी. सातवर असलेली वेदना चारवर आली, वाकणे हातभर वाढले, तर दिशा बरोबर होती. काहीच बदलले नाही तर जोर वाढवण्याआधी निदानाकडे परत जावे.

उपचार घेणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांना त्या भागात ठणका, थकवा किंवा डोके जड झाल्यासारखे वाटते. हा त्रास बहुधा 24 तासांत ओसरतो, आणि तो आधीच सांगून ठेवला तर रुग्ण घाबरत नाही. त्या दिवशी चालत राहावे, फार वेळ एका जागी बसू नये. मोकळा झालेला सांधा पुन्हा आखडू नये म्हणून त्याच दिशेचे साधे व्यायाम द्यावेत. कंबरदुखीसाठीच्या अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या 2017 च्या मार्गदर्शिकेत मणक्यांवरील हस्तोपचाराला औषधाविना करायच्या उपायांत स्थान दिलेले आहे. ब्रिटनच्या नाइस या उपचार-मार्गदर्शिका काढणाऱ्या संस्थेने 2016 मध्ये तो व्यायामाच्या जोडीनेच वापरावा असे म्हटले आहे. दुसरी भूमिका मला अधिक पटते.

दोन ते चार आठवड्यांत स्पष्ट फरक पडला नाही, तर उपचार पुढे रेटू नयेत आणि महिनोन्महिन्यांच्या भेटींचा आगाऊ करारही रुग्णाने स्वीकारू नये. अशा रुग्णाला दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवताना चिठ्ठीत दुखरी पातळी व बाजू, अडलेली दिशा, कोणती पद्धत किती वेळा वापरली, प्रत्येक वेळी फेरतपासणीत काय आढळले, आणि पायांतील ताकद, संवेदना व प्रतिक्षेप शेवटचे कोणत्या तारखेला तपासले, एवढे तरी स्पष्ट लिहिलेले असावे.